वास : नाही

सकाळी नऊच्या सुमारास पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतला फोन वाजला आणि पलीकडून एक थकलेला पण ठाम आवाज म्हणाला, "तुमच्या पाण्याला ऑपरेशन थिएटरचा वास येतोय." तिने फोन खांद्याशी धरला आणि सवयीने वही पुढे ओढली. गढूळपणा मर्यादेत, क्लोरीन मर्यादेत, रंग नाही, वास नाही. खाली तिचीच सही, शाई अजून पुरती वाळलेलीही नव्हती. "आमच्याकडे तसं काही दिसत नाही," ती म्हणाली. "गच्चीवरची टाकी कधी धुतली होती?" पलीकडचा आवाज चढला. "बाई, टाकी परवाच धुऊन घेतलीय. मी चौतीस वर्षं नर्स होते. हा वास मला कळणार नाही तर कुणाला कळणार?" या प्रश्नाचं उत्तर खरं तर तिच्या ओठांवर आलं होतं. मला. सव्वीस वर्षं ती या शहराचं पाणी हुंगत आली होती. रोज सकाळी काचेच्या चंबूत पाणी घ्यायचं, बूच लावून हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम करायचं, चंबू गरागरा हलवायचा, बूच काढायचं आणि नाक खुपसायचं. गढूळपणाला यंत्र होतं, क्लोरीनला यंत्र होतं, वासाला मात्र तीच. शेवाळ धरलेल्या पाण्याचा मातकट वास, जुन्या लोखंडी नळाचा वास, तळाशी कुजलेल्या पानांचा वास हे सगळे तिला माणसांच्या चेहऱ्यांसारखे ओळखू यायचे. एकदा जलाशयाच्या दरवाजांना रंग दिला, तेव्हा साहेबांना कळायच्या आधी तिने चंबूतून ओळखला होता. पाठीमागे सगळे तिला नाकबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि नाक मुरडण्याऐवजी तिला त्याचा जरा अभिमानच वाटे. "मी पुन्हा तपासते, सिस्टर," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि खरोखरच पुन्हा तपासलं. बूच काढल्यावर नाकाला ऊन, ओलसर वाफ लागली. त्या वाफेत काहीही नव्हतं.

दुपारपर्यंत तसेच आणखी दोन फोन आले. एका शाळेतून आणि एका केशकर्तनालयातून; दोघांनीही दवाखाना हाच शब्द वापरला. मग मात्र ती चंबू हातात घेऊन खालच्या पंपघरात गेली. पंपवाले काका तिथे खुर्ची टेकवून बसले होते, तिच्याही आधीपासून नोकरीत, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे. यंत्रांच्या घरघरीत त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. "काका, हे जरा हुंगून बघा." काकांनी चंबू हातातसुद्धा घेतला नाही. "त्यात काय हुंगायचं? येतोय की वास. सकाळी नळ सोडला की पहिला तोच येतो." "कधीपासून?" "झाले असतील अडीच-तीन आठवडे. तो मध्ये पाऊस पडून गेला ना, त्यानंतर." तिच्या हातातला चंबू एकाएकी जड झाला. "मग बोलला का नाहीत?" ती इतक्या जोरात ओरडली, की काका उठून उभे राहिले. "अहो बाई, तुम्ही रोज वहीत लिहिताय, वास नाही म्हणून. मी वर येऊन वही बघितली होती. म्हटलं, नाकबाईंना येत नाही म्हणजे नाहीच. आपलंच नाक म्हातारं झालं." त्यांनी तिच्यासमोर प्रथमच ते नाव घेतलं होतं आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

वर येऊन तिने दार लावून घेतलं. वहीत मोजलं, तर पावसानंतरचे एकोणीस दिवस भरत होते. एकोणीस वेळा तिच्या उभट, नीटनेटक्या अक्षरात 'वास : नाही'. सर्दी झाली नव्हती. तिने कपाटातल्या बाटल्या एकामागून एक उघडून बघितल्या. अमोनियाने डोळ्यांत पाणी आणलं, व्हिनेगर झोंबलं, लवंगेचं तेल दातांपर्यंत पोचलं. नाक जागच्या जागी होतं. मग तिने मागच्या रांगेतली तपकिरी बाटली काढली, फिनॉलची. ही एरवी उघडली की माणूस मान मागे घेतो. तिला तो वास आला, पण पलीकडच्या घरात कुणी काहीतरी करत असावं इतपतच. ती बाटली धरून तशीच उभी राहिली. आपल्याच घराच्या किल्लीने आपलंच दार उघडू नये, तसं काहीतरी तिला वाटलं, आणि वाटल्याबरोबर घर आठवलं. घरातलं न्हाणीघर, न्हाणीघरातली निळी बादली. बादलीत काजळी धरलेले नवऱ्याचे सदरे, वरून ओतलेलं ब्लीचिंगचं पाणी. धूर आणि क्लोरीन. जळक्या लाकडातून फिनॉल उतरतं आणि क्लोरीन लागलं की त्याला दवाखान्याचा वास येतो, हे तिने कॉलेजात घोकलं होतं, नव्या मुलींना स्वतः शिकवलं होतं. गेले दोन महिने तो वास तिच्या न्हाणीघरात मुक्कामाला होता. उशांच्या अभ्र्यांत होता, टॉवेलांत होता, तिच्या स्वतःच्या केसांत असणार. ज्या वासात माणूस झोपतो, उठतो, तो वास नाक हळूहळू सोडून देतं. शहराचं पाणी तिच्या घरासारखं वास मारायला लागलं होतं, म्हणूनच ते तिला निर्दोष वाटलं होतं.

नवरा जलाशयाच्या वरच्या डोंगरावर कामाला होता. लाकूड कंपनीचा क्षेत्र-अधिकारी. कुठला उतार कधी तोडायचा, ओंडके कुठल्या वाटेने खाली आणायचे आणि मागे राहिलेल्या फांद्या, शेंडे, साली यांचे ढीग कधी पेटवायचे, हे तो ठरवायचा. लग्नाआधी तो रोपवाटिकेत होता. ती त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा त्याच्या नखांत माती होती आणि तो हजारभर रोपांच्या रांगांमधून, एखाद्या वर्गशिक्षकाने हजेरी घ्यावी तसा, हात मागे बांधून चालत होता. तिला तेव्हाही त्याचा वासच आधी आवडला होता. ओल्या सालीचा, घामाचा, थोडासा धुराचा. धुराचा सदरा मुद्दाम न धुता ती एक-दोन दिवस खुंटीवर राहू देई, तो बाहेरगावी असला की. आता हे आठवून तिला राग आला. कुणीतरी आपल्या प्रेमालाच हाताशी धरून आपल्याला मूर्ख बनवलं, असा काहीतरी तो राग होता, पण नेमका कुणावर धरायचा ते कळत नव्हतं. तो रोपवाटिकेतून डोंगरावर गेला तेव्हा तिनेच पेढ्याचा बॉक्स आणला होता. बढती होती ती.

दुसऱ्या दिवशी पाहणीच्या नावाखाली ती जीप घेऊन वर गेली. जलाशयाच्या काठाने रस्ता चढत होता आणि पाणी वरून नेहमीसारखंच, निळसर, निरागस दिसत होतं. शेवटच्या वळणानंतर मात्र डोंगर एकदम संपल्यासारखा झाला. म्हणजे डोंगर होता, पण त्याच्यावरचं सगळं गेलं होतं. बुंधे, त्यांच्यामध्ये राखेची मोठमोठी वर्तुळं, आणि वर्तुळांतून खाली उतरत गेलेले बोटाएवढे, मग हाताएवढे, मग माणूस मावेल एवढे ओघळ. सगळे ओघळ ओढ्याला मिळत होते. ओढ्याच्या काठच्या दगडांवर पाण्याची पातळी चढून उतरल्याची काळी रेघ होती, चहाच्या कपात राहते तशी. तिने नमुन्याच्या बाटल्या भरल्या. मग एका वर्तुळात उकिडवी बसली, बोटाने राख बाजूला केली आणि पिण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी खालच्या मातीवर ओतलं. पाणी आत जाईना. त्याचे गोळे झाले, पारा सांडल्यासारखे, आणि ते धूळ अंगाला लावून घेत उतारावरून घरंगळत गेले. तिने पुन्हा ओतलं. पुन्हा तेच. फार तापलेली माती पाणी घेत नाही, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं असं पायाशी घरंगळताना बघणं वेगळं होतं. सगळी बाटली तिने तिथे रिकामी केली.

"मॅडम स्वतः आल्या," नवरा मागून म्हणाला. उन्हाने रापलेला चेहरा, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण. त्याला बरं वाटलं होतं ती आल्याचं, ते तिला दिसलं आणि त्यामुळे पुढचं बोलणं आणखी अवघड झालं. "पाण्याला वास येतोय," ती म्हणाली. "शहरात. तुमच्या राखेचा." तो हसला नाही. "फांद्या तशाच ठेवल्या तर उन्हाळ्यात वणवा लागेल, मग हे नाही, पलीकडचे सगळे डोंगर जातील. आणि ढीग हलवल्याशिवाय नवी रोपं लावायची कुठे? मीच लावणार आहे ना ती." "फांद्या कुजू देता येतात. बारीक करून पसरता येतात." "येतात. त्याला यंत्र लागतं, माणसं लागतात, दोन हंगाम लागतात. कंपनी मला एक देते." "आणि ओढ्यापासून किती सोडायचं असतं?" त्याने ओढ्याकडे बघितलं. नियम दोघांनाही माहीत होता, तीस मीटर; जिथे तो होता तिथून तर सगळ्यात जवळचं वर्तुळ ओढ्यात पाय सोडून बसल्यासारखं दिसत होतं. "इथे टोळीने घाई केली," तो म्हणाला. "मी त्या दिवशी पलीकडच्या उतारावर होतो." मग, जणू तिचीच समजूत काढत, "पण एवढं काही झालं नसेल गं. तुझ्या वहीत तर काहीच नाही." "माझ्या वहीत?" "तुमच्या कार्यालयातून रोजच्या नोंदी मागवल्या होत्या कंपनीने. पुढचा उतार पेटवायच्या परवानगीला जोडल्यात. वास नाही, रंग नाही. म्हणून तर परवानगी लवकर मिळाली." तो हे चांगली बातमी सांगावी तसं सांगत होता. तिने फक्त रिकाम्या बाटलीचं झाकण लावलं. ते आटे चुकून तिरकंच बसत होतं, तिने ते तीनदा काढून लावलं.

साहेबांच्या खोलीत तिने लेखी देऊ केलं, की तिच्या एकोणीस दिवसांच्या नोंदी रद्द समजाव्यात आणि परवानगी देणाऱ्यांना तसं कळवावं. साहेब मुळात वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला. "गढूळपणा मर्यादेत आहे?" "आहे." "क्लोरीन?" "आहे. पण फिनॉल मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही साहेब. नमुने बाहेर पाठवलेत, उत्तर यायला तीन आठवडे लागतील. तोवर ते पुढचा उतार पेटवतील." "म्हणजे आज आपल्या हातात तुमच्या नाकाशिवाय काही नाही." "नाही." "आणि तुमचं नाक चालत नाही, असं तुम्हीच लिहून देताय." तिने मान डोलावली. "मग बाई, ज्यांचं नाक चालत नाही त्यांच्या सांगण्यावरून मी वासाची तक्रार पुढे कशी पाठवू? उद्या मला विचारतील, की तुम्हांला आज तरी वास येतोय का. येतोय?" "नाही." साहेबांनी कागद परत तिच्याकडे सरकवला, हळूच, तिला लागू नये अशा बेताने. जिन्यावरून उतरताना तिला हसू फुटलं आणि ते थांबेना. खोटं लिहिलं होतं ते ग्राह्य होतं. खरं लिहिलं तर लिहिणारीच बाद. सव्वीस वर्षं तिने कमावलेला नाकाचा तो दरारा आता कंपनीच्या फायलीत आरामात बसला होता आणि तिथून त्याला उठवायचं तर तिलाच पुरेसं वजन उरलं नव्हतं.

घरी ती चार दिवस नवऱ्याशी मोजकं बोलली. त्याचे सदरे तिने न्हाणीघरातून उचलून मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवले. त्याने ते बघितलं आणि बादलीही बाहेर नेली. दोघंही एकमेकांना जागा करून देत घरात वावरत होते, अरुंद बोळात समोरासमोर आलेली माणसं देतात तशी. भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तो म्हणत होता त्यातलं निम्मं खरं होतं, आणि ती म्हणत होती त्यातला पुरावा तिचाच तिच्या विरुद्ध होता. पाचव्या दिवशी तिने सिस्टरना फोन केला. "सिस्टर, तुमच्या इमारतीतली आणखी कोण कोण म्हणतात वास येतो?" "अख्खी इमारत म्हणते. का? टाक्या धुवायला सांगताय परत?" "नाही. तुम्ही सगळे इकडे येता का, प्रयोगशाळेत? हुंगायला." पलीकडे सिस्टर मोठ्याने हसल्या. "एवढ्या वर्षांत हे आमंत्रण मला पहिल्यांदाच येतंय," त्या म्हणाल्या, आणि शनिवारी बारा माणसं घेऊन आल्या.

त्या दिवशी प्रयोगशाळेत खुर्च्या कमी पडल्या. सिस्टर प्रत्यक्षात ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या आणि हातात काठी असलेल्या निघाल्या. तिच्या फोनवरून केशकर्तनालयवाला दुकान बंद करून आला होता, शाळेची बाई आली होती, बाकी शेजारीपाजारी, आणि कोपऱ्यात, बोलावलं नसताना, धुतलेला सदरा घालून पंपवाले काका. तिने चंबूंवर आकडे घातले. काहींत शहराचं पाणी, काहींत कोळशातून गाळून काढलेलं, बिनवासाचं. कुठल्या आकड्यात कुठलं पाणी ते तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसं एकेक करून बूच काढत होती आणि तोंडं वेडीवाकडी करत होती, कुणी म्हणे मलमपट्टीच्या फडक्याचा वास, कुणी म्हणे आयोडीन, शाळेची बाई म्हणाली, ओल्या चुलीचा. काकांनी अकराही चंबू बिनचूक ओळखले आणि शेवटी, "नाक म्हातारं नाही झालं बरं का," असं कुणाकडेही न बघता जाहीर केलं. ती फक्त लिहीत होती. सगळ्यात खाली तिने स्वतःचं नाव घातलं, स्वतः अकरा चंबू हुंगले आणि सगळ्यांसमोर लिहिलं : फरक कळला नाही. सिस्टर तिच्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, नुसता ठेवला, थोपटलं वगैरे नाही. सतरा सह्यांचा तो कागद साहेबांनी वाचला, बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "हा जाईल." आणि तो खरोखरच त्याच दिवशी गेला. मंगळवारी तिला कळलं, की पुढच्या उताराची परवानगी थांबवल्याचा आदेश बुधवारी दुपारपर्यंत निघणार. ओढ्यापासूनचं अंतर मोजून होईपर्यंत आग लावायची नाही.

बुधवारी सकाळी चहाच्या वेळी तिने ते नवऱ्याला सांगितलं. लपवून ठेवणं तिला जमलं नसतं, आणि खरं तर इतक्या दिवसांनी दोघांत बोलण्यासारखं काही आलं होतं. तो कप धुऊन ठेवत म्हणाला, "बरं." संध्याकाळी तो आला तेव्हा त्याच्या भुवया करपल्या होत्या. तिने बघितलं आणि तिला सगळं समजलं. "आदेश मिळाला नाही?" "मिळाला. दोन वाजता." "आणि आग?" "दहाला लावली." तो दारातच उभा होता, बूट न काढता. "वारा पडला होता, फांद्या सुकल्या होत्या, चाळीस माणसं वाट बघत उभी. आजचा दिवस गेला असता तर हंगाम गेला असता." "मी तुला सकाळी सांगितलं होतं." "हो." "म्हणून दहाला लावलीस?" त्याने करपलेल्या भुवयांवरून हात फिरवला. तिला ओरडायचं होतं, एवढं की शेजारपाजार गोळा व्हावा. कोणत्या मूर्खपणाने आपण याला सांगितलं, हा राग आधी आणि त्याने लावली हा राग नंतर, आणि दोन्ही एकमेकांच्या पायांत पाय घालून पडत होते. "अंतर सोडलंय मी यावेळी," तो अखेर म्हणाला. "टोळीवर नाही सोपवलं. स्वतः पावलं टाकून मोजलंय, सगळीकडे." त्याच्या आवाजात विनवणी होती, आणि तीच तिला सगळ्यात जास्त असह्य झाली. "उद्या मी टेप घेऊन येते," ती म्हणाली. तो वाकून बुटाची नाडी सोडू लागला. "ये," तो खाली बघतच म्हणाला.

उतारावर बुंधे अजून धुमसत होते. पायाखालची जमीन बुटातून ऊन लागत होती. पन्नास मीटरचा टेप. एक टोक तिने ओढ्याच्या काठाशी धरलं, दुसरं घेऊन तो चढत गेला, राखेच्या पहिल्या वर्तुळापर्यंत, आणि तिथे गुडघ्यावर बसला. त्याने टेप सैल सोडून पुन्हा ओढला. ती खालून बघत राहिली. एवढ्या लांबून तो लहान दिसत होता, पाठ वाकवून काहीतरी शोधणाऱ्या माणसासारखा. "ताण नीट धर," तो ओरडला. तिने ताण दिला. मग, "एकोणीस." "किती?" "एकोणीस! एकोणीस मीटर." तो उठून उभा राहिला आणि आपण जिथून चालत आलो तिकडे बघू लागला. "मी तीस पावलं मोजली होती गं," तो म्हणाला, आता ओरडत नव्हता, तरी त्या मोकळ्या उतारावर तिला नीट ऐकू आलं. "खोटं नाही सांगत. उताराला पाऊल आखूड पडतं. माझ्या लक्षातच आलं नाही." तिला त्याच्यावर विश्वास बसला, आणि विश्वास बसल्यामुळे काहीही सोपं झालं नाही. तिने गुडघ्यावर वही उघडली. जागा क्रमांक एक, एकोणीस मीटर. पुढच्या रकान्यापाशी तिची लेखणी थांबली. "मोजणारा म्हणून कुणाचं नाव लिहू?" तिने विचारलं. नियमाप्रमाणे दोन नावं लागत होती. तिचं एक होतं. दुसरं ती काकांचं लिहू शकली असती, काका खाली जीपमध्येच होते आणि त्यांनी हसत सही केली असती. ओढ्याच्या पाण्यावर राखेचा पातळ पापुद्रा उतरत होता, दगडापाशी अडत होता, फाटत होता, खाली जात होता. मग तो उतारावरून आला, घसरत, हाताला आधार घेत, आणि तिच्या शेजारी बसला. वही त्याने तिच्या हातातून घेतली. त्याच्या बोटांची काजळी पानाला लागली. त्याने रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं, कंपनीतल्या हुद्द्यासकट, आणि वही तिला परत दिली.

"एकूण किती जागा आहेत?" तिने विचारलं.

"त्रेचाळीस."

त्याने टेपचं टोक उचललं आणि ओढ्याच्या काठाने पुढच्या जागेकडे चालू लागला.